उलाळ बोट

आमच्या लग्नात आंतरपाट धरला होता तवा या मानसानं खाली वाकून माहे पाय पाह्यले होते. पोरगी बदलली तं नाई म्हनून! भटजी मंगलाष्टकं म्हनून राह्यला, पाव्हने अक्षता घेऊन उभे, अन् नवरदेव वाकून पाय पाहून राह्यला. माही मावशी तवाच म्हने, "रंगू, तुहं काई खरं नाई."

त्याचं नाव पुंजाजी. आता नाव घ्याची कायची लाज, बत्तीस वर्सं झाली. दूध आनलं की थेंब नखावर घेऊन पाह्यते. एसटीत कंडक्टरनं तिकीट देल्लं की त्यावरची तारीख वाचते. दवाखान्यात डाक्टरीनबाईनं सुई काढली तं म्हने, आधी पाकीट दाखवा, फोडेल तं नाई. आमच्या पोरीचं, वैभवीचं, धनजले जमलं तं हा बैल घ्याच्या निमतानं तीनदा त्या गावात हिंडून आला, अन् जावयाच्याच बापाले इचारलं, अमक्याचा पोरगा कसा हाय! त्या बिचाऱ्यानं घरी नेऊन चहा पाजला. लबाड नाई हा मानूस. कोनाच्या वावरातली काडी उचलत नाई. पन भरोसा म्हनून कोनावर नाई, अन् माह्यावर तं नाईच नाई.

आमचं अडीच एकर वावर धरनात गेलं. तवापासून दरसाल दसरा झाला की ऊसतोडीले जा लागे. तुमाले म्हाईत नसन तं सांगते, मुकादम एकटा मानूस घेत नाई, नवरा-बायकोची जोडी घेते. त्या जोडीले कोयता म्हनते. नवरा ऊस तोडते, बायको मोळी बांधते अन् डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. बारा वर्सं मी त्या फळीवर चढली. मागच्या साली फळी हालली अन् मोळीसकट खाली आली मी. उजवा गुडघा तवापासून धड वाकत नाई. दवाखान्यातून आली त्याच दिवशी म्या सांगून टाकलं, आता मेली तरी कारखान्यावर येत नाई. तो काईच बोलला नाई. हा मानूस बोलला नाई की मले जास्त भेव वाटते.

यंदा पावसाळ्यात एक गोठ चांगली झाली. आमच्या धरनावर मासेवाल्याइची सोसायटी हाय. नीलिमाताई तिची सचिव, शिकेल पोरगी, पन बोलाले साधी. ती आमच्या गावाले, इंझोरीले, येऊन सांगून गेली, ज्याइचं वावर बुडालं त्याइले आमी मेंबर करतो. पन काठाच्या पान्यात जागा नाई, तिथी जुने लोक थर्माकोलवर बसून जाळे टाकते. तुमाले पल्याडचं पानी भेटन. तिथी जाले इंजिनची बोट पाह्यजे. दसऱ्याच्या आठ दिस आधी दोन जाळे घेऊन वाऱ्यात पल्याड जाचं, बुडेल बाभळीच्या मंधातून बोट वळवाची अन् वापस याचं. जमलं तं पानी तुमचं, नाई तं दुसऱ्याचं.

म्हंजे बोट नीट चालली तं मी माह्या घरी राहीन, अन् नाई चालली तं मुकादमाचा ट्रक दारात उभाच हाय.

गाडी-बैल विकले अन् बोट पाह्याले निघालो. धरनाच्या तिकडल्या अंगाले तांडा हाय, तिथी रतनसिंगची फायबरची बोट होती. लांबट, निरुंद, पुढून चोच निंघेल. मागं पेट्रोलचं मशीन. तिच्यासारखी पळनारी बोट साऱ्या धरनात नाई, असं सारेच म्हने. अन् किंमत सांगतली निम्मी.

झालं! निम्मी किंमत ऐकून आमच्या बुढ्याचे कान उभे राह्यले.

"काहून विकून राह्यले भाऊ?"

"आता आमच्याच्यानं होत नाई."

"काहून होत नाई? हातपाय तं धड दिसून राह्यले तुमचे."

रतनसिंगनं मागं पाह्यलं. अंगनात खाटेवर त्याची बायको रुपाबाई बसेल होती, बाजूले काठी. तिनं आमाले ना राम राम केला ना पानी इचारलं. नुसती बोटीकडं पाहे.

मंग याची तपासनी सुरू झाली. मडकं घेतानी बोटानं वाजवून पाह्यतो नं आपन, तसा रुपयाचं नानं घेऊन सारी बोट वाजवली. एक वीतभर जागा सोडली नाई. मंग म्हने, इच्यात पानी भरा. रतनसिंग म्हने, बोट पान्यात टाकतात, बोटीत पानी कायले? हा म्हने, आत पानी भरलं की चीर असन तिथून भाईर गळन. वीस-पंचवीस बकेटा टाकल्या. एक थेंब गळला नाई तं याले जास्तच शंका आली. मशीनचं तेल बोटाले लावून हुंगलं, पंख्याची पाती मोजली. मंग रतनसिंगनं पान्यात एक चक्कर मारून आनली. बोट कशी, सूत धरून चालल्यावानी गेली. परत येऊन हा माह्या कानात म्हने, "पानी त्याचं, हात त्याचा. चालनच नं."

शेवटी सरळ इचारलं यानं, "या बोटीतून कोनी बुडून मेलं काय?"

रतनसिंगचं तोंड उतरलं. "नाई," म्हने, अन् मान तिकडं फिरवली.

तरी घेतली. दुसरी नोतीच त्या भावात. ट्रालीवर चढवतानी रतनसिंग एवढंच बोलला, "पुढच्या पेटीले हात लावू नका."

"काय हाय तिच्यात?"

"काई नाई. जसं हाय तसं राहू द्या."

आता तुमीच सांगा, आमच्या बुढ्याले असं सांगनं म्हंजे काय? दोन दिस त्याले जेवन गोड लागलं नाई. बोट काठाले बांधेल, अन् हा पेटीपाशी जाऊन कान लावे. तिसऱ्या दिशी त्यानं शालिग्रामले बलावलं. शालिग्राम आमच्या इंझोरीचा मोटरपंपाचा मिस्त्री, धरनाच्या आमच्या अंगाचे बोटीचे मशीनबी तोच पाह्यते. बोटीच्या चोचीत बसाच्या फळीखाली पेटी होती, वरून स्क्रू मारेल. शालिग्रामनं ते काढले अन् झाकन उचललं.

आत एक पोतं होतं, तोंड शिवेल. अन् त्याले गुंडाळेल एक ओढनी, आरशाची, लाल. तांड्यातल्या बाया घालते तशी.

बुढा चार पावलं मागं सरला. "करनी!" म्हने. "मले म्हाईतच होतं! बाई मेली असन या बोटीत, तिले बांधून ठेवलं यानं, म्हनून निम्म्या भावात देल्ली!"

शालिग्रामचा पेचकस पान्यात पडला. "मी मशीनचा मिस्त्री हाय काका," तो म्हने, "याचा नाई." मी तरी खोटं कायले सांगू, मीबी मागं सरली. ते पोतं त्याइनं काठीत अडकवून काढलं, लय जड होतं, अन् दूर बाभळीखाली नेऊन ठेवलं. यानं वरून निंबू कापला. दुपारून मी एकटी जाऊन पाह्यली तं पोत्याच्या भोकातून आत नुसते दगड दिसले. नदीतले, धुवेल, गुळगुळीत. करनीचे दगड कोनी धुते काय? पन मी बोलली नाई. माह्यं कोन ऐकते!

दुसऱ्या दिशी बुढा बोट घेऊन पान्यात गेला. मशीनची दोरी ओढली, दांडा फिरवला, अन् बोटीनं चोच जी वर केली ती आभाळाकडंच. मागं बसेल मानसाले समोरचं पानी दिसे ना. वारा आला की ती वर उचलेल चोच वाऱ्यासंग फिरे, अन् हा जाचा पूर्वेले तं जाय उत्तरेले. वळवाले गेला तं अशी कलंडली की काठावरच्या थर्माकोलवाल्याइनं ओरडा केला.

शालिग्राम आला. मशीन कमी-जास्त तिरपं कराले खिळीचे भोकं असते, त्यानं मशीन एक भोक आत घेतलं, त्यानं चोच जराशी खाली येते म्हने. आली, पन दांडा एवढा जड झाला की बुढ्याचा खांदा आखडला. मशीन वर उचलून बसवलं तं वळनावर पंखा हवा खाय, नुसता आवाज, बोट तिथीच. पेट्रोलची टाकी मंधात आनली. काईच जमे ना. चार दिस गेले. शालिग्रामबी चिडला. म्हने, "काका, माह्या हाताखालून तीस मशीन गेले. मशीनमंधी काई खोट नाई."

"मंग माह्यात हाय काय?" हा ओरडला. "तुलेबी त्या रतनसिंगनं चारलं असन!"

शालिग्राम पाने गोळा करून चालला गेला. कराच लागे त्यानं तसं.

मी काठावर बसून हे सारं पाह्यत होती. म्या म्हनलं, "अवो, ही उलाळ झाली. गाडीत मागं कडबा जास्त भरला की जू वर उचलते नं, तशी. तुमी मागं, मशीन मागं, पुढं काईच नाई. ते पोतं ठेवा पुढं वापस."

"तुले काय समजते व बोटीतलं? गाडी कुठी, बोट कुठी!" असं म्हने, ज्यानं चाळीस वर्सं गाडी भरली तो. अन् वरून म्हने, "पोतं काढलं म्हनून ते खवळलं. आता रतनसिंगलेच निस्तरा लागन."

त्या चार दिसात मले आनखी एक गोठ खटकली. त्याचा फोन वाजला की तो उठून गोठ्याकडं जाय. कोनाचा फोन, इचारलं तं "कोनाचा नाई." कोनाचाच नाई तं हळू आवाजात कायले बोलते बाप्पा? एवढी वर्सं त्याच्या शंकेखाली राह्यली मी, थोडी तं मलेबी लागनच नं. पन बोटीच्या तालात म्या ते सोडून देल्लं.

पाचव्या दिशी तो भांडाले निंघाला. मीबी गेली मागं, म्हनलं हा काई बोलून बसन. तांड्यात पोचल्याबरोबर अंगनातूनच सुरू झाला, "रतनसिंगभाऊ, कोन मेलं त्या बोटीत? कोनाची ओढनी होती ते सांगा आधी!"

रतनसिंग खाली मान घालून उभा. अन् खाटेवरून रुपाबाई बोलली, पह्यल्यांदा.

"माही हाय ओढनी. अन् मेली नाई मी. दिसून नाई राह्यली काय तुले?"

बुढा तिथीच खाली बसला.

"पंधरा वर्सं त्या बोटीत पुढं मी बसली," ती म्हने. "हा मागं मशीनपाशी. मशीन किती वर, किती आत, टाकी कुठी, सारं मले पुढं बसवून बसवलं इकडल्या मिस्त्रीनं. शिरपूरले सोयऱ्याकडं गेली होती, एसटीतून उतरतानी पडली, खुबा मोडला. आता बोटीत पाय टाकता येत नाई. मंग यानं काय केलं? मले अडत्याच्या वजनकाट्यावर बसवलं, अन् तेवढे दगड भरले पोत्यात. धुऊन भरले, म्हने पेटी घान होईन."

"मंग तोंड काहून नाई उघडलं तवा?" बुढा रतनसिंगले म्हने.

रतनसिंगनं मान वर केली. "काय सांगू? बायको पुढं नसली तं मले बोट चालवता येत नाई, हे सांगू? लोक हासतीन. अन् दगडानं सरळ चालते बोट, वळनावर चालत नाई. वळनावर ही इकडं झुके, तिकडं झुके. मी दांडा फिरवाच्या आधी ही झुकेल असे. दगड झुकते काय?" मंग म्हने, "तुमी कोनी मेलं काय इचारलं नं, तवा मले लय वाईट वाटलं भाऊ. ती समोरच बसेल होती."

मले रडू आलं, सांगते. रुपाबाईनं माह्याकडं वरून खालून पाह्यलं अन् म्हने, "तुहं वजन किती व?"

"मोजलं नाई कधी."

"माह्याएवढीच दिसतं. बस पुढं."

बुढा लगेच म्हने, "हिले पोहता येत नाई. पान्याले भेते. मंधातच ओरडन अन् मले बुडवन." घरी आल्यावर यानं गुपचूप ते पोतं बाभळीखालून उचललं, निंबाच्या फोडी झटकल्या अन् पेटीत ठेवलं. शालिग्रामच्या घरी जाऊन त्याले मनवलं. कसं मनवलं ते मले म्हाईत नाई, माफी तं मांगली नसन. शालिग्रामनं मशीन पुन्हा जुन्या भोकात बसवलं, अन् बोट सुतात गेली. हा पान्यातून माह्याकडं असं पाहे, जसं काय त्यानंच शोध लावला. अन् मंग वळवाले गेला. पोतं पेटीत एका अंगाले सरकलं, बोट कलंडली, अन् आमचे पुंजाजी धोतरासकट पान्यात! कमरेएवढंच पानी होतं म्हना. काठावरचे सारे हासले. मीबी हासली, कायले लपवू.

दुसऱ्या दिशी सकाळीच यानं पेटी रिकामी केली. चोचीतल्या फळीवर बारदाना घडी घालून ठेवला. माह्याकडं न पाह्यता म्हने, "बस."

मी बसली. समोर पानीच पानी, अन् पाठ त्याच्याकडं. तुमाले सांगते, जो मानूस तुमच्यावर भरोसा ठेवत नाई त्याच्याकडं पाठ करून पान्यात जानं सोपं नाई. पह्यल्या दिशी तो मागून ओरडे, "हालू नको!" दुसऱ्या दिशी ओरडे, "झुक नं व, दगड हायेस काय!" तिसऱ्या दिशी ओरडला नाई. दांडा फिरवाच्या आधी मले माह्या पाठीत समजे.

नीलिमाताईनं ठरवेल दिवशी वारा होता चांगला. दोन ओले जाळे बोटीत, काठावर सारी सोसायटी. पल्याड गेलो. तिथी बुडेल बाभळी, वरून नुसते काळे शेंडे दिसते, काई तं दिसतबी नाई, पान्याखाली बोट फाडाले बसेल. ते पानी म्हंजे आमचंच वावर. तिथी खाली आमचा धुरा हाय, वावराचा बांध.

म्या डावा हात केला.

"तिकडं काहून?" हा मागून. "इकडं मोकळं दिसून राह्यलं."

"इकडं बोरीचं खोड हाय, पान्याखाली. तिच्याच सावलीत मी वैभवीले पाळन्यात टाकत होती. ऐका माह्यं."

मंग बोट डावीकडं वळली. मी झुकली. उजव्या अंगानं पान्याखालून ते काळं खोड हातभर अंतरावरून गेलं, दोघाइनंबी पाह्यलं. मंग म्या हात केला तिकडं तो वळला. एकदाबी काहून म्हनला नाई. चिंच, विहिरीचा कठडा, मंग धुरा संपला अन् मोकळं पानी. जाळे टाकून वापस आलो तं नीलिमाताईनं घड्याळ पाह्यलं अन् हासली. "काकू, पानी तुमचं," म्हने. काकू म्हने, काका नाई!

तेवढ्यात काठावर मोटरसायकल थांबली. मुकादम. बोट पाहून त्यालेबी गंमत वाटली, पन तो आपल्या कामाचा मानूस. "पुंजाजी," तो म्हने, "त्या दिशी फोनवर बोललो तसं दोघाइचं नाव यादीत लिहून घेतलं. दसऱ्याच्या तिसऱ्या दिशी ट्रक येते. तयारीत राहा."

बुढा पान्यात उतरून दोर धरून उभा होता. त्यानं माह्याकडं पाह्यलं नाई.

"बोट नाई चालली तं म्हनून," तो पुटपुटला. "एक सोय म्हनून ठेवलं होतं नाव. कशाचा काय भरोसा..."

म्या म्हनलं, "माह्या गुडघ्याले इचारलं काय तुमी? त्या फळीवर कोन चढते? गोठ्यात जाऊन हळूहळू बोलता, अन् आता म्हनता सोय! मी तीन दिस तुमच्याकडं पाठ करून बसली या पान्यात. पोहता येत नाई मले. तरी बसली. भरोसा कशाले म्हनते ते आनखी कोन दाखवन तुमाले?"

मंग म्या मुकादमाले म्हनलं, "भाऊ, माहं नाव काट. याचं राहू दे. जाईन तो एकटा."

मुकादम हासला. "अर्धा कोयता मी काय करू वहिनी?"

मी बोटीतून उतरली नाई. तशीच पुढं तोंड करून फळीवर बसली. मंग मागून त्याचा आवाज आला.

"दोघाइचंबी काट."

"बघ पुंजाजी," मुकादम म्हने. "मंग जागा भेटनार नाई. अन् उद्या ही बोट बुडली तं?"

"बुडली तं दोघंबी बुडू."

म्या गरकन मान फिरवली. "मी काहून बुडू? उद्यापासून मले पह्यले पोहनं शिकवा!"

"शिकवतो नं व," तो म्हने. अन् त्याच्या डोळ्यात पानी होतं. बत्तीस वर्सात पह्यल्यांदा पाह्यलं म्या.